दारात अडलेली बाई

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर म्हणजे ओल्या अंगणात कोंबडी फिरल्यासारखं आहे. ऱ्हस्व काय आणि दीर्घ काय, मला कधी उमगलंच नाही. चौथीतल्या बाई त्यावरून वही भिरकावायच्या, आणि चौथीनंतर भिरकावायला वहीच उरली नाही. तेव्हा शुद्धलेखनाचं कुणी मनावर घेऊ नये. तसं हे कुणाला दाखवायचं नाहीच आहे. नातीनं पेनांचं अख्खं पाकीट आणून दिलंय, दुपारी झोप लागत नाही, म्हणून बसते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, या वयातही नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, एवढं सुख आहे.

लालबागला आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यातली एक आमची म्हणायची तर जेवणाऱ्यांची जास्त. आई खानावळ चालवायची. कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, बायकामुलं गावी ठेवलेले पुरुष पाळीपाळीनं यायचे, भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायचे आणि मुकाट जेवायचे. बांगड्याचं तिखलं, भात, भाकरी, कधी कुळथाची पिठी, आणि शनिवारी सोलकढी. खालच्या गल्लीत मसाला कुटायची डंकी होती. ती सुरू झाली की आमच्या फळीवरची भांडी वाजायची आणि जेवणारे सगळे एकदम शिंकायचे. आई म्हणायची, जेवण तिखट आहे असं त्यांना वाटतं तेवढं बरं, माझी मिरची वाचते. मी भाकऱ्या थापायचे, ताटं उचलायचे, आणि कुणी काही विचारलं तर आईकडे बघायचे. जेवणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्याला दोन वर्षं मी मुकी आहे असंच वाटत होतं.

एकदा बाबांना छातीच्या दुखण्यानं धरलं आणि ते बरेच महिने घरी बसले. पगार थांबला, वाण्यानं हात आखडला, तेव्हा आईनं ताराकाकूंकडून पैसे घेतले. ताराकाकू आमच्याच मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत राहायच्या. विधवा, ठेंगण्या, नऊवारी चापूनचोपून नेसलेल्या, आणि कमरेला पानसुपारीची चंची. चंचीत पान कमी आणि नोटा जास्त. चाळीतल्या निम्म्या बायकांनी कधी ना कधी त्या चंचीपुढे हात पसरला होता. आमच्या पैशांच्या बदल्यात काकूंनी आईची दोन मोठी तांब्याची पातेली तारण घेतली. पण उचलून नेली नाहीत. आमच्याच घरी ठेवली. म्हणजे आम्ही रोज भात रांधायचो तो काकूंच्या पातेल्यांत. ती गेली तर खानावळ गेली, आणि खानावळ गेली तर घर कशावर चालणार, हे मला त्या वयातही कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आई काकूंना जपायची. तळलेल्या माशाचा पहिला तुकडा कोपऱ्याच्या खोलीत जायचा, मग बाबांच्या ताटात.

माझी आत्या दादरला समुद्राजवळच्या एका पोहण्याच्या तलावावर कामाला होती. बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्या झाडायच्या, टॉवेल मोजायचे, असं तिचं काम. आठवड्यातल्या काही सकाळी तो तलाव एक विमान कंपनी भाड्यानं घ्यायची. तिथं पायलट आणि हवाईसुंदऱ्या यायच्या आणि विमान पाण्यात उतरवावं लागलं तर काय करायचं ते शिकायच्या. त्यांची ती पिवळी जाकिटं, भिजलेली, जड, धुऊन वाळवून घडी घालायला कुणीतरी हवं होतं. आत्यानं माझं नाव सुचवलं. आईनं विचारलं, तिथं बोलावं लागतं का? आत्या म्हणाली, जाकिटांशी कोण बोलतंय. म्हणून मी गेले. मिळतील ते पैसे काकूंना द्यायचे असं घरात ठरलं.

शिकवणारे होते परेरा साहेब. गिरगावातलं जुनं ख्रिस्ती कुटुंब, स्वतः पूर्वी विमान चालवलेले, आता पोट सुटलेलं आणि डोक्यावर गोल टोपी. पायलटांशी ते इंग्रजीत बोलायचे आणि मला मराठीत हुकूम द्यायचे, कारण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जाकिटांवरून उचलून समुद्र केलं. खरंच सांगते. तलावाकाठी एक निळी ताडपत्री होती. तिचं एक टोक आत्यानं धरायचं, एक मी, आणि दोघींनी ती हलवायची. तिच्यावर ज्या वळ्या उठायच्या त्या लाटा. शिकाऊ पायलटानं हातात लाकडी विमान घेऊन त्या लाटांवर उतरवायचं. परेरा साहेब ओरडायचे, “गो पोरी, समुद्र जरा खवळू दे की. हे काय बांगड्याचं सार आहे?” मग मी जोरानं हलवायचे आणि कुणाचं तरी विमान नाकावर आपटायचं.

साहेब शिकवायचे ते ऐकून ऐकून मला अर्धं कळायला लागलं, आणि उरलेलं चहाच्या वेळी आत्या विचारून घ्यायची. तिला लाज नव्हती. वरून समुद्र सपाट वाटतो, पण तो सपाट नसतो, लाटांच्या ओळी असतात, शेतातल्या सऱ्यांसारख्या. सरी आडवी कापायला गेलं की विमानाचं नाक समोरच्या लाटेत घुसतं आणि सगळं संपतं. म्हणून ओळीच्या बाजूबाजूनं, तिच्या लांबीला धरून जायचं आणि लाटेच्या माथ्यावर नाहीतर पाठीवर टेकायचं. वारा आडवा आला तरी लाटेचं आधी बघायचं, फार जोराचा असला तरच थोडी तडजोड. चाकं आत ठेवायची. जमिनीवर चाकं देवासारखी, पण पाण्यात तीच पाय धरून ओढतात आणि विमान कोलांटी खातं. पंख सरळ हवेत, एक आधी लागला तर गरकन फिरलंच. वेग जितका कमी करता येईल तितका, पण हवेतून दगडासारखं खाली यावं इतका नाही. आणि नाक जरा वर धरून शेपटीकडचा भाग आधी टेकवायचा. मला ते ऐकून आईची आठवण झाली. ती कढईत मासा सोडायची तो असाच, कडेनं, शेपटी आधी, अलगद आपल्यापासून दूर निजवत. नाहीतर तेल अंगावर. हे मी कुणाला बोलले नाही.

विमान टेकलं म्हणजे झालं असं नाही. खरी परीक्षा त्यानंतर, कारण ते थोडाच वेळ तरंगणार. त्यासाठी तलावाच्या उथळ बाजूला लाकडाचा आणि पत्र्याचा एक डबा उभा केला होता. आत जुन्या खुर्च्या, मधे एकच माणूस जाईल एवढी वाट, आणि पाण्याच्या बाजूला एक दार. सगळ्यांनी डोकं गुडघ्यांत घालून बसायचं. परेरा साहेब लोखंडी कांबीनं पत्रा बडवायचे, तो आपटल्याचा आवाज. मग पायलटानं ओरडायचं, पट्टे सोडा, सामान टाका, इकडून बाहेर. दाराबाहेर पडताना जाकिटाची लाल दोरी ओढायची, आधी नाही. आत ओढली तर जाकीट फुगतं, आत पाणी आलं की माणूस छताला जाऊन चिकटतो आणि खाली दाराकडे जाता येत नाही. शेवटी सगळे रबरी होडीत चढले की डोकी मोजायची. साहेबांचं एक वाक्य ठरलेलं होतं, ते त्यांनी माझ्यासमोर इतक्यांदा म्हटलं की मला झोपेतही म्हणता येईल: “दारात अडलेला एक माणूस म्हणजे मागचे सगळे बुडाले.”

मागच्या वर्षी लेकीनं मला पहिल्यांदा विमानानं बंगळूरला नेलं. हवाईसुंदरीनं जाकीट घालून दाखवलं तेव्हा सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. मी एकटीच बघत होते. तिनं दोरी ओढायचं दाखवून ‘बाहेर गेल्यावर’ असं म्हटलं तेव्हा मी मान डोलावली, आणि तिनं मला ओळखीचं हसू दिलं. मग मी दाराजवळ कोण बसलंय ते वाकून बघितलं. एक गृहस्थ मांडीवर ढोकळ्याचा डबा घेऊन बसले होते. मला काही ते बरं वाटलं नाही.

तर त्या शिकाऊ मुलांत एक विजयकर म्हणून होता. गिरगावातलं फार जुनं, खानदानी घर. पाणी प्यायला दिलं तर दोनदा आभार मानणारा मुलगा. लाकडी विमान तो माझ्या खवळलेल्या समुद्रावर असं उतरवायचा की ताडपत्री हलायची नाही. पण डब्यात शिरला की त्याचं काही खरं नसायचं. त्याला ओरडताच यायचं नाही. “आपण जरा बाहेर येता का,” असं तो म्हणायचा, आणि आत बसलेली बाकीची शिकाऊ मुलं हसत बसायची. परेरा साहेब म्हणायचे, हा बुडत्या माणसाला आधी त्याचं शुभनाव विचारील. दोनदा तो त्यात नापास झाला होता, तिसऱ्यांदा झाला तर घरी. मला त्याच्याबद्दल फार वाटायचं. ज्याच्या घशातून आवाज निघत नाही त्याचं दुःख मला कुणी सांगायची गरज नव्हती.

परेरा साहेबांना वाटलं, शिकाऊ मुलं एकमेकांचे प्रवासी होतात हेच चुकतं. त्यांना सगळं ठाऊक असतं, ती शहाण्यासारखी रांगेनं उड्या मारतात. खरे प्रवासी तसे नसतात. त्यांनी आत्याला सांगितलं, तुमच्या चाळीतल्या बायका आणा, विमान कधी न बघितलेल्या. नाश्ता देऊ, हातावर थोडे पैसे ठेवू. पाणी छातीएवढंच, जाकीट अंगात, आणि पाण्यात आमची माणसं उभी असतील.

आत्यानं ही गोष्ट चाळीत सांगितली आणि विमानात बसायला मिळणार एवढंच सगळ्यांनी ऐकलं. पाण्याचं कुणी मनावर घेतलं नाही. ठरल्या सकाळी बायका गजरे माळून निघाल्या. एकीनं वाटेत खायला चकल्या घेतल्या. आणि सगळ्यांच्या पुढे ताराकाकू, कारण चाळीत काही होतंय आणि त्या नाहीत असं कधी झालंच नव्हतं. आई जिन्यापर्यंत आली आणि मला हळूच म्हणाली, काकूंना जप, त्यांना काय हवं-नको बघ. मी मान हलवली.

डब्यात दाराजवळची पहिली खुर्ची काकूंनी घेतली. मानाची जागा ती, दुसरी कोण बसणार. त्यांच्या मागे मी, कारण कुणी आतच लाल दोरी ओढत नाही ना ते बघायचं काम माझ्याकडे होतं. सामान सगळं बाहेर ठेवायला सांगितलं होतं. काकूंनी चपला ठेवल्या, चष्मा ठेवला, चंची ठेवली नाही. विजयकर दाराच्या एका बाजूला उभा राहिला. घाम इतका, की तलावात न उतरताच भिजलेला. परेरा साहेबांनी पत्रा बडवला, बायका किंचाळल्या आणि मग आपल्याच किंचाळण्याला हसल्या. विजयकर ओरडला. खरंच ओरडला, पट्टे सोडा, सामान टाका. मला अभिमान वाटला. सगळ्या उठल्या.

काकू दारात गेल्या आणि थांबल्या. खाली पाणी बघितलं. मग कमरेला हात लावला, वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “ह्यात पैसे आहेत. ही ठेवून येते.”

विजयकरचा आवाज तिथंच गेला. “काकू, कृपया... आपण उडी मारता का?”

“घाई कसली रे बाळा? खरंच का बुडतंय विमान?”

त्या दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या, तोंड आमच्याकडे. वाट एका माणसाची. मी मागे वळून बघितलं तर सगळ्या बायका जागच्या जागी, पदर सावरत. कुणी म्हणालं, तुमचं होऊ द्या काकू, आम्हाला काय घाई नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या डब्यात असलेली एकूण एक बाई काकूंची देणेकरी होती. कुणाच्या पाटल्या, कुणाचं शिवणयंत्र, कुणाच्या नवऱ्याचं घड्याळ त्या कोपऱ्याच्या खोलीत पडलेलं. काकूंना हात लावून पुढे जाणार कोण? खरं विमान असतं तरी त्या अशाच अदबीनं बुडाल्या असत्या.

विजयकरनं बाहेर साहेबांकडे बघितलं, साहेबांनी घड्याळाकडे. मी काही विचार केला असं मला आठवत नाही. विचार केला असता तर पातेली दिसली असती. परातीतलं पीठ पुढे लोटावं तसे माझे दोन्ही हात काकूंच्या छातीशी गेले आणि मी लोटलं.

काकू मागच्या मागे पाण्यात गेल्या. पण एक सांगते, पाण्यात पडल्या पडल्या त्यांनी लाल दोरी ओढली, अगदी शिकवली होती तशी, आणि बुचासारख्या वर आल्या. त्यांच्यामागून आमच्या चाळीतल्या बायकांनी ज्या उड्या घेतल्या, त्या मी जन्मात विसरणार नाही. पदर खोचून, नाक धरून, एकीमागून एक. होडीत चढताना हसून हसून त्यांच्या हातातलं बळ गेलं होतं. विजयकर शेवटी उडी मारून आला आणि डोकी मोजायला लागला. काकू मोजू देईनात. त्यांच्या नोटा भिजल्या होत्या.

माझ्या निळ्या समुद्रावर त्या दिवशी नोटा वाळत घातल्या. दोन्ही टोकांना आत्या आणि मी, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून, आणि मधे काकू, अंगाला टॉवेल गुंडाळून, एकेक नोट उलटी करत. सगळ्या सुकल्या, मोजल्या तेव्हा सगळ्या भरल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

“तुझ्या आईला सांग. गणपतीच्या आत सगळे पैसे. नाहीतर पातेली उचलते.”

घरी हे मला सांगता येईना, आत्यानं सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. “मेले, तुका ढकलूक दुसरी कोण गावली नाय?” एवढंच म्हणाली. बाबा हसायला लागले आणि खोकल्यानं थांबले. संध्याकाळी आईनं तळलेली सुरमई कोपऱ्याच्या खोलीत पाठवली. ताटली तशीच परत आली, वरच्या लिंबाच्या फोडीसकट. त्या रात्री जेवणारे जेवून गेले तरी आम्ही कुणी पानावर बसलो नाही. आई पातेली घासत होती. चिंच लावून, राख लावून, लग्नात मुलीला नटवावं तशी.

पुढच्या खेपेला मी तलावावर गेले ती कामावरून काढणार असं धरूनच. परेरा साहेबांनी मला समोर उभं केलं आणि विचारलं, परवा कोणाला ढकललंस ते ठाऊक आहे का. मी जमिनीकडे बघितलं. आत्यानं सगळं सांगून टाकलं, पातेल्यांसकट. साहेबांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, त्या दिवशी माझ्या शाळेत पहिल्यांदा खरा प्रवासी आला. असा माणूस मला दर वेळी दारात हवा. त्या बाई काही परत यायच्या नाहीत. तू होशील का?

“बोलावं लागेल?” मी विचारलं. साहेबांशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

“काही बोलायचं नाही. दारात उभं राहायचं आणि हलायचं नाही.”

तसलं काम देवानं माझ्यासाठीच घडवलं असणार. जाकिटांचे वेगळे आणि अडण्याचे वेगळे, असे पैसे ठरले. मला पहिल्यांदा ढकललं ते विजयकरनं. साहेबांनी त्याला आणखी एक संधी दिली होती, म्हणाले, परवाचा गोंधळ तुझ्या नावावर धरत नाही. मी दारात गठुडं घेऊन उभी. त्यानं माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले, “सामान टाक, उडी मार,” असा काही ओरडला की झाडावरचे कावळे उठले, आणि गठुड्यासकट मला लोटून दिलं. नंतर तो ‘सॉरी’ म्हणाला म्हणे. मी पाण्याखाली होते, आत्यानं सांगितलं. तो पास झाला. पुढे त्यानं पेढे आणून दिले आणि दोनदा आभार मानले.

त्यानंतर त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मला किती जणांनी ढकललं याला गणती नाही. कधी मी बॅग घेऊन अडायचे, कधी उशीचं बाळ घेऊन, कधी हात जोडून, डोळे मिटून. साहेब कानात सांगायचे आणि मी तसं करायचे. शिकाऊ मुली सुरुवातीला माझ्या दंडाला दोन बोटं लावायच्या, मग हळूहळू पाठीत पंजा द्यायला शिकायच्या. एक तर पुढे इतकी तयार झाली की मी उभी राहायच्या आत पाण्यात. नाकात पाणी, कानात पाणी, केसांना तो औषधाचा वास. आई खोबरेल तेल चोळताना म्हणायची, कमाई कसली म्हणायची ही. पण पैसे मोजून घडी करून डब्यात ठेवायची. मला मात्र एक मजा कळली होती. दारात उभं राहून कुणाचं न ऐकणं यात फार सुख असतं. घरी मला ते कुणी करू दिलं नसतं.

गणपतीला अजून थोडे दिवस होते तेव्हा आई मला घेऊन कोपऱ्याच्या खोलीत गेली. काकूंनी बसा म्हटलं नाही. आईनं पैसे पुढे ठेवले, काकूंनी जीभ लावून मोजले, परत मोजले, नोटा चंचीत सरकवल्या आणि म्हणाल्या, फिटले. पातेली तुमची. आईनं पदरानं डोळे टिपले. आम्ही उठलो तसं काकूंनी मला हाक मारली. इतके पैसे या मुलीनं कुठून आणले, तो साहेब हिला देतो तरी कशाचे, असं त्यांनी आईला विचारलं. आईनं सांगितलं. विमानाच्या दारात उभं राहायचे. अडून राहायचे. कुणी कितीही सांगितलं तरी हलायचं नाही, त्याचे.

काकूंनी पान लावायला घेतलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

“अगो, अडून बसायचे पैसे मिळतात हे मला आधी कळलं असतं, तर मी सावकारी कशाला केली असती?”

आई हसली. काकूंच्या खोलीत, काकूंच्या तोंडावर, मोठ्यानं हसली. आता तिला त्यांचा एक पैसाही द्यायचा नव्हता.